पेटंटमुळे संशोधकाला हुरूप येतो का? कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या वावरातून

मृगाच्या तोंडावर परभणीच्या किंवा जालन्याच्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्रासमोर उभं राहिलं की एक फरक दिसतो. कापसाचं बियाणं प्रत्येक जण विकत घेतो. गेल्या वर्षीची सरकी जपून ठेवून पेरणारा शेतकरी आता शोधावा लागेल. सोयाबीनचं तसं नाही. लातूर-धाराशिवकडे आजही कितीतरी घरांत मागच्या हंगामाचं सोयाबीन पोत्यात राखून ठेवलेलं असतं. मे महिन्यात त्यातले १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वरून पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरणीला चालतं.

ही दोन्ही पिकं एकाच तालुक्यात, बांधाला बांध लावून उभी असतात. पण खासगी कंपन्यांनी कापसाच्या बियाण्यात जेवढा पैसा आणि डोकं घातलं तेवढं सोयाबीनमध्ये घातलं नाही. सोयाबीनचे आपल्याकडे रुजलेले वाण मुख्यतः सरकारी कृषी विद्यापीठांतून आले. याचं कारण संशोधकांच्या हुशारीत शोधून सापडायचं नाही. केलेल्या संशोधनाचा मोबदला आपल्याच हातात राखण्याची सोय कापसात होती, सोयाबीनमध्ये नव्हती.

पेटंटबद्दल दोन ठाम मतं कायम ऐकू येतात. पहिलं असं की पेटंट नसेल तर नवं कुणी काही शोधणारच नाही. मेहनत एकाची आणि कमाई नकला करणाऱ्याची, अशाने कोण डोकं लावेल? दुसरं असं की खरा शास्त्रज्ञ कुतूहलापोटी काम करतो, पेटंट हे व्यापाऱ्यांचं काम. माझं म्हणणं या दोन्हींहून वेगळं आहे. संशोधन किती होतं यापेक्षा ते कोणत्या प्रश्नावर होतं, यावर पेटंटचा परिणाम जास्त मोठा आहे. आणि मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

पेटंट म्हणजे नेमका काय सौदा

पेटंट हा सरकार आणि संशोधक यांच्यातला सौदा आहे. संशोधकाने आपला शोध पूर्ण उघड करून लिहून द्यायचा, इतक्या तपशिलात की त्या विषयातला जाणकार वाचून तो करू शकेल. बदल्यात सरकार त्याला ठरावीक काळापुरता हक्क देतं: तुझ्या परवानगीशिवाय ही वस्तू दुसऱ्या कुणी बनवायची नाही, वापरायची नाही, विकायची नाही. भारतात हा काळ अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा आहे. शोध नवा हवा, त्या विषयातल्या माणसाला सहज सुचण्यासारखा नको आणि उद्योगात वापरता येण्याजोगा हवा. ज्या देशात पेटंट घेतलं त्याच देशात ते चालतं. आणि नक्कल करणाऱ्याला पकडायला सरकार येत नाही. पेटंटवाल्यालाच स्वतःच्या खर्चाने कोर्टात जावं लागतं.

शेवटचा मुद्दा लहान माणसाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. तुरीची शेंडा खुडणी घ्या. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने तुरीचे शेंडे खुडले की झाड उंच जायचं थांबतं, बगलफांद्या फुटतात आणि शेंगा जास्त लागतात. ही पद्धत आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, कारण आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये शेतीची पद्धत हा पेटंटयोग्य शोध नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. पण खुडणी करणाऱ्या यंत्रावर मिळू शकतं. फवारणी पंपाची बॅटरी, एक छोटी मोटर, पाइपच्या टोकाला गोल पातं, अशी यंत्रं गावोगावच्या वर्कशॉपमध्ये तयार होतात.

समजा, औशाच्या एखाद्या वेल्डरने या पात्याला अशी काही जोड दिली की फांदी न फाटता नेमका शेंडाच तुटतो. एकट्या व्यक्तीला अर्जाची फी १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीची ४,००० रुपये. इथवर ठीक. पण अर्ज नीट लिहून घ्यायला पेटंट एजंट लागतो, त्याचे पैसे वेगळे. पेटंट चालू ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाची फी. तोवर अहमदपूरच्या आणि उदगीरच्या वर्कशॉपमध्ये तसंच यंत्र तयार झालेलं असतं आणि त्या प्रत्येकावर दावा लावत बसणं या माणसाला परवडणारं नसतं. शिवाय अर्ज करायच्या आधीच त्याने दहा यंत्रं बाजारात विकली असतील तर शोधाचं नवेपणच गेलं. पेटंट मिळायचं नाही. त्याची खरी कमाई होते ती पहिला असल्याची, आणि 'यंत्र घ्यायचं तर त्याच्याकडूनच' या नावलौकिकाची. या माणसाने पेटंटकडे बघून पातं सुधारलेलं नसतं. ज्याच्याकडे वकील आहे आणि वाट बघायची ताकद आहे, त्याच्या गणितात पेटंट खऱ्या अर्थाने येतं.

जालन्यातलं नैसर्गिक कुलूप

आता कापसाकडे वळू. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. पिकाच्या वाणावर कायद्याने मालकी मिळण्याची सोय तेव्हा आपल्या देशात नव्हती; तो कायदा आला २००१ मध्ये. तरीही जालना बियाण्यांच्या धंद्याचं मोठं केंद्र झालं आणि बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कायद्याचं संरक्षण नसताना हे संशोधन उभं कसं राहिलं?

उत्तर संकरित बियाण्याच्या स्वभावात आहे. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की पहिली पिढी जोमदार येते. तिचंच बी राखून पुन्हा पेरलं तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, झाडं उंच-बुटकी येतात, उत्पादन घटतं. म्हणजे शेतकऱ्याला दरवर्षी दुकानात यावंच लागतं. नर आणि मादी वाण कोणते हे कंपनी आपल्याजवळ ठेवते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीलाही नक्कल जमत नाही. कायद्याने न लावलेलं कुलूप निसर्गानेच लावून दिलं.

हे बियाणं तयार कसं होतं ते पाहिलं की त्याची किंमत कळते. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये मादी वाणाच्या झाडावर उद्या उमलणारी कळी दुपारनंतर हुडकायची. अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसर अलगद काढायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. कळीवर खूण करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं उमललेलं फूल आणून त्याचे परागकण त्या खुणेच्या कळीवर लावायचे. एकेक बोंड असं हाताने. हे काम बहुतेक बायाच करतात, आठवडेच्या आठवडे, कंबर मोडेस्तोवर.

२००२ च्या मार्चमध्ये भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कापसात घातला की बोंडअळीला विषारी ठरणारं प्रथिन झाड स्वतःच तयार करतं. हे तंत्रज्ञान अमेरिकेच्या मोन्सँटोचं. महिकोबरोबरच्या भागीदारीतून ते इथे आलं. फारसं माहीत नसलेली गोष्ट अशी की बोलगार्ड-१ या पहिल्या पिढीच्या तंत्रज्ञानावर भारतात पेटंट घेतलेलंच नव्हतं. तरी सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमची बॅग १,६०० रुपयांच्या आसपास विकली गेली आणि त्यातला मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा होता. जनुक कंपनीच्या ताब्यात, सरकारी मान्यता कंपनीच्या नावावर, बाकीच्या बियाणे कंपन्यांशी करार केलेले. मक्तेदारी उभी करायला पेटंट हा एकच रस्ता नसतो, हे इथे ढळढळीत दिसतं.

संशोधनाची दिशा ठरली ती पुढच्या निर्णयाने. अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी जनुक सरळ वाणांत, म्हणजे संकर न केलेल्या, बी राखून पुन्हा पेरता येणाऱ्या वाणांत घातला गेला. भारतात जवळपास सगळा बीटी कापूस संकरित वाणांत आला. अमेरिकेत पेटंट आणि शेतकऱ्याशी केलेला करार यांच्या जोरावर सरळ वाणाचंही बियाणं राखण्यावर बंदी घालता येते. आपल्याकडे ते शक्य नव्हतं, म्हणून कंपन्यांनी संकराचं कुलूप वापरलं. धंदा म्हणून त्यात चूक काही नाही. पण परिणाम आपल्या वावरात भोगावे लागले. संकरित बियाणं महाग, म्हणून एकरी झाडं कमी. वाण बहुतेक जास्त दिवसांचे. हलक्या जमिनीत पावसाने लवकर पाठ फिरवली की बोंडं भरायच्या वेळीच ओल संपलेली. हंगाम लांबला की गुलाबी बोंडअळीला वाढायला मोकळं रान. कमी दिवसांत येणारे, दाट लागवडीला चालणारे, बी घरी राखता येणारे सरळ वाण कोरडवाहू शेतकऱ्याला जास्त सोयीचे, हे अनेक कापूस शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले. त्यावर पुरेसं संशोधन झालं नाही, कारण त्याला कुलूप लागत नव्हतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बोलगार्ड-२ वर मात्र भारतात पेटंट होतं. २००८ मध्ये मंजूर झालेलं आणि २०१९ मध्ये मुदत संपलेलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने बॅगची कमाल किंमत ८०० रुपये आणि त्यातलं तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपये ठरवलं. २०२० मध्ये ते शुल्क शून्यावर आलं. मधल्या काळात पेटंटवरून खटला पेटला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये पेटंट रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो निकाल फिरवला, आणि २०२१ मध्ये पक्षांनी आपसात मिटवलं. शुल्क कापलं त्याच वर्षी, २०१६ मध्ये, तणनाशक सोसणाऱ्या पुढच्या पिढीच्या कापसासाठी केलेला मान्यतेचा अर्ज महिकोने मागे घेतला. २००६ मध्ये बोलगार्ड-२ आल्यानंतर कापसात नवं जनुकीय तंत्रज्ञान अधिकृतपणे आलेलं नाही, आणि गुलाबी बोंडअळीने दरम्यान बोलगार्ड-२ लाही दाद देणं सोडलं. शुल्क कमी करणं शेतकऱ्याच्या हिताचं होतं असंच मला वाटतं. पण मोबदला कापला की खासगी पैसा दुसरीकडे जातो, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागतो. मग ती पोकळी कुणी भरायची, हा प्रश्न उरतो.

ती थोडीफार भरली आपल्याच नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने. या केंद्राचा एनएचएच ४४ हा संकरित वाण, आपला 'नांदेड ४४', एके काळी घरोघरी होता. याच केंद्राने अलीकडे एनएच १९०१ बीटी यांसारखे सरळ बीटी वाण दिले आहेत, ज्यांचं बी शेतकरी राखू शकतो. यातून कंपनीला दरवर्षीची विक्री मिळणार नाही, म्हणूनच हे काम कंपनीकडून होण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

कुलूप नसलेल्या पिकांचं काय

सोयाबीनचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे वाण पिढ्यान् पिढ्या बराचसा तसाच राहतो आणि घरचं बियाणं चालतं. शेतकऱ्याला हे वरदान. बियाणे कंपनीच्या दृष्टीने मात्र एकदा विकलं की गिऱ्हाईक सुटलं. म्हणून एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ हे वाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आले. बीडीएन ७११ ही तूर बदनापूरच्या केंद्रातून आली. केवडा रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी याच विद्यापीठाची. ती मराठवाड्याबाहेर, पार उत्तर भारतापर्यंत पोचली.

हे वाण घडवणाऱ्यांना पेटंटची आशा नव्हती. मग त्यांना कशाने बळ दिलं? नोकरीची खात्री, पगार, बढती, सोबतच्या शास्त्रज्ञांकडून मिळणारी दाद, आणि आपण घडवलेला वाण हजारो एकरांवर डुलताना बघणं. एक वाण तयार करायला आठ-दहा वर्षं सहज जातात. इतका काळ एकाच वाफ्यामागे राबायचं तर मनाला धरून ठेवणारं काहीतरी लागतं, आणि त्यात पैशाचा वाटा असला तरी एकट्या पैशाने ते निभत नाही. फक्त संशोधकाची ही ओढ जिवंत राहायला विद्यापीठात जागा भरलेल्या असाव्या लागतात, प्रक्षेत्राला पाणी आणि मजुरीला पैसा वेळेवर यावा लागतो. ते नसेल तर पेटंट असूनही काही घडत नाही.

नावाचं महत्त्व किती असतं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्याकडे बघून कळतं. (आपल्या नांदेडशी या गावाचं नावापुरतंच नातं.) शिक्षण कमी, जमीन थोडी, पण डोळा असा की भाताच्या शेतातली वेगळी लोंबी हेरून, वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी 'एचएमटी' तांदूळ घडवला. तो देशभर पसरला. पुरस्कार आले, पण वाणातून मिळकत अशी झाली नाही आणि श्रेयासाठीही झगडावं लागलं. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा परिस्थिती हलाखीचीच होती. अशा माणसाला कायद्याने काय द्यायला हवं होतं, हा प्रश्न मला पेटंटच्या कुठल्याही चर्चेत सगळ्यात जवळचा वाटतो.

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने याचं काही उत्तर दिलं. शेतकऱ्याने विकसित केलेला वाणही त्याच्या नावावर नोंदता येतो. पिकांच्या वाणांना १५ वर्षं, झाडं आणि वेलींना १८ वर्षं संरक्षण मिळतं. आणि संरक्षित वाणाचंही बियाणं राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचासुद्धा हक्क शेतकऱ्याला राहतो. फक्त ब्रँडच्या नावाने पॅक करून विकता येत नाही. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले तेव्हा याच हक्काची ढाल पुढे आली आणि लोकक्षोभानंतर कंपनीने दावे मागे घेतले. मला हा कायदा आवडतो. संशोधकाचा वाटा मान्य करूनही बी राखणाऱ्या हाताला तो गुन्हेगार ठरवत नाही.

पेटंट नसलं की संशोधन थांबत नाही, दिशा बदलतं, याचा जुना पुरावाही आहे. अर्थशास्त्रज्ञ पेट्रा मोझर यांनी १८५१ च्या लंडनच्या आणि १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनांत मांडलेल्या हजारो वस्तूंचा अभ्यास केला. तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये पेटंट कायदा नव्हता, नेदरलँड्सने १८६९ मध्ये तो रद्दच केला होता. अशा देशांतले कारागीर मागे पडले नव्हते. पण त्यांचे शोध वैज्ञानिक उपकरणं, अन्नप्रक्रिया अशा, गुपित राखता येणाऱ्या उद्योगांत जास्त एकवटले होते. उघडून बघितलं की नक्कल करता येईल अशा यंत्रांचे शोध पेटंट असलेल्या देशांत तुलनेने जास्त होते.

औषधांचं गणित वेगळं

पेटंटची सगळ्यात जास्त गरज औषधांना लागते, यावर अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. नवा रेणू शोधून, प्राण्यांवर आणि माणसांवर चाचण्या घेऊन, मान्यता मिळवायला दहा-बारा वर्षं आणि प्रचंड पैसा लागतो. नक्कल मात्र एखादी चांगली प्रयोगशाळा थोड्या काळात करू शकते. एडविन मॅन्सफिल्ड यांनी १९८६ मध्ये अमेरिकी कंपन्यांना विचारलं, तेव्हा औषध क्षेत्रातून उत्तर आलं की पेटंट नसतं तर सुमारे ६० टक्के शोध झालेच नसते. बहुतेक इतर उद्योगांत हा आकडा अगदी किरकोळ होता.

तरी इथेही दिशेचाच मुद्दा येतो. १९७० च्या आपल्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं, तेही जास्तीत जास्त ७ वर्षं. भारतीय रसायनतज्ज्ञांनी मग सगळी बुद्धी स्वस्त आणि नव्या पद्धती शोधण्यात घातली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव यांच्यासारख्यांनी हे काम केलं. २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीवरची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर १०,००० डॉलरच्या वर होता. १ जानेवारी २००५ पासून रेणूवरही पेटंट सुरू झालं. पण कलम ३(ड) ठेवलं: जुन्याच औषधाचं नुसतं रूप बदललं आणि गुण वाढला नाही तर नवं पेटंट नाही. याच कलमावर नोव्हार्टिस ही औषध कंपनी ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाचा खटला २०१३ मध्ये हरली. माझ्या मते हे कलम संशोधकाच्या हिताचंच आहे. जुन्या गोळीला नवा मुलामा देऊन २० वर्षं मिळत असतील तर कठीण प्रश्नाला हात कोण घालेल?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वोक्हार्टचं संशोधन केंद्र आहे. ही कंपनी प्रतिजैविकांवर, म्हणजे अँटिबायोटिकवर, काम करते. तिचं नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचं तीन दिवसांचं औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं, आणि त्याला केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेची मदत होती. सरकारी मदत का लागावी? नवं प्रतिजैविक आलं की डॉक्टरांनी ते जपून, अगदी गरज पडली तरच वापरायचं असतं, नाहीतर जंतू त्यालाही सरावतात. म्हणजे औषध जितकं मोलाचं, तितकी विक्री कमी. पेटंट विक्रीचा हक्क देतं, विक्री देत नाही. अकाओजेन या अमेरिकी कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून इंग्लंडने २०२२ मध्ये दोन प्रतिजैविकांसाठी वेगळा मार्ग काढला: औषध किती खपलं ते न बघता कंपनीला वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची, एका औषधाला १ कोटी पौंडांपर्यंत.

पेटंटचं घड्याळ अर्जापासून चालू होतं, औषध बाजारात आल्यापासून नव्हे. याचाही परिणाम होतो. बुडिश, रॉइन आणि विल्यम्स या अभ्यासकांनी २०१५ मध्ये कर्करोगावरच्या औषधचाचण्या तपासल्या. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीच्या चाचण्या खूप जास्त, आजार लवकर रोखण्यासाठीच्या फार कमी. लवकरच्या टप्प्यातल्या चाचणीचा निकाल यायला वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर पेटंटचा बराच काळ संपून जातो. शास्त्रज्ञाला आजार मुळात रोखावासा वाटत असला, तरी पैसा देणाऱ्याची नजर घड्याळावर असते.

पेटंट कुणाच्या नावावर?

आतापर्यंत कंपनीबद्दल बोललो. प्रयोगशाळेत रात्री जागणाऱ्या माणसाचं काय? पेटंट बहुतेक वेळा त्याच्या संस्थेच्या नावावर असतं. शोधक म्हणून त्याचं नाव येतं, मालक म्हणून नाही. म्हणून वाटा कितीचा, हा प्रश्न त्याच्या हुरुपाशी थेट जोडलेला आहे. नॉर्वेत २००३ पर्यंत प्राध्यापकाच्या शोधाची पूर्ण मालकी प्राध्यापकाचीच असायची. मग कायदा बदलून दोन तृतीयांश वाटा विद्यापीठाकडे गेला. ह्विडे आणि जोन्स यांच्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेल्या नव्या कंपन्या आणि घेतलेली पेटंट, दोन्ही साधारण निम्म्यावर आली. माणसं तीच, कुतूहल तेच; फक्त शोध बाजारापर्यंत ओढून नेण्याचे कष्ट घ्यावेसे वाटेनात.

आपल्या कॉलेजांत मात्र वेगळीच गोष्ट वाढीला लागली आहे आणि तिचं मला मनापासून वाईट वाटतं. मूल्यांकनात आणि बढतीत पेटंट मोजली जाऊ लागल्यापासून आकडा वाढवण्याची घाई सुरू झाली. 'पेटंट पब्लिश झालं' असं अभिनंदन होतं, पण अर्ज तर १८ महिन्यांनी आपोआपच प्रसिद्ध होतो आणि फी भरली की त्याआधीही होतो. तपासणी आणि मंजुरी हा पुढचा, खरा टप्पा. एका अर्जावर आठ-दहा जणांची नावं, त्यातल्या काहींनी यंत्र कधी पाहिलेलंही नसतं, असे प्रकार घडतात. यात खरं काम करणाऱ्या तरुण संशोधकाचा हिरमोड होतो, कारण त्याचं पाच वर्षांचं काम आणि दुसऱ्याचा पंधरा दिवसांचा अर्ज कागदावर सारखेच मोजले जातात.

परभणी, नांदेड, संभाजीनगरात किंवा जालन्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात संशोधन करणाऱ्या मुला-मुलींनी काही गोष्टी आधीच माहीत करून घ्याव्यात. परिषदेत पोस्टर लावण्याआधी किंवा शोधनिबंध छापण्याआधी निदान प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करा. पूर्ण अर्जासाठी त्यापुढे १२ महिने मिळतात. दुसऱ्याच्या पेटंटला घाबरून प्रयोग सोडू नका, कारण कलम ४७ प्रमाणे निव्वळ प्रयोग, संशोधन किंवा शिकवण्यासाठी पेटंट असलेली गोष्ट वापरता येते. पेटंट कार्यालयाच्या इनपास या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले अर्ज फुकट वाचता येतात. विषय निवडण्याआधी तिथे एक आठवडा घालवला तर आधीच झालेलं काम पुन्हा करण्यात वर्ष जात नाही. आणि आपल्या विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा धोरणाची प्रत मागून घ्या. शोधकाला रॉयल्टीचा किती वाटा, पेटंटची नूतनीकरण फी कोण भरणार, आणि एखाद्या कंपनीला परवाना दिला तर सरळ वाणाचं बियाणं शेतकऱ्याला राखता येईल अशी अट त्यात घालता येते का, हे मार्गदर्शकाला सही करायच्या आधी विचारा.